अनिकेत, पण होम लोनसकट

आजचा श्लोक गीतेच्या १२व्या अध्यायातला, १९वा. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतायत आणि त्यात एक शब्द येतो: अनिकेत. निकेत म्हणजे घर. म्हणजे ज्याला घर नाही तो! श्लोक लहानपणापासून पाठ आहे, पण मालवण तालुक्यात आचऱ्याला घर घेतल्यापासून नेमका इथे अडखळतो. १५ वर्षांचं कर्ज काढलेल्या माणसाने हे लक्षण म्हणायचं तरी कसं?

शंकराचार्य शब्दाचा सरळ अर्थ घेतात: ज्याचं ठराविक निवासस्थान नाही तो. रामानुजाचार्य म्हणतात, घरादारात ज्याची आसक्ती नाही तो. माऊली तर वाऱ्याचा दृष्टांत देतात आणि तिथून थेट अख्ख्या विश्वालाच घर करून टाकतात. मला अर्थातच रामानुजांचा अर्थ सोयीचा, म्हणूनच त्याच्याकडे जरा संशयाने बघतो. आसक्ती नाही असं कोणीही म्हणेल. टेस्ट कशी करायची?

खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं, इंडेक्स टू हातात आलं, की वाटतं झालं. पण सातबाऱ्यावर नाव यायला फेरफार लागतो. तलाठी नोंद घालतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. (घरपट्टीचा अर्ज वेगळा बरं का, ते आपोआप होत नाही.) त्या १५ दिवसांत मी जुने फेरफार वाचत बसलो. एकेक नाव येतं, काही वर्षं राहतं, मग त्याला कंस होतो. १९६६च्या जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की ही नोंद खरी धरायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद येईपर्यंत. सरकारी भाषेत इतकं वैराग्य मी पहिल्यांदाच वाचलं.

गृहप्रवेशाच्या दिवशी वाडीतल्या आजोबांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. रामेश्वराला, जागेच्या राखणदाराला. "ह्यां तुजा लेकरू हयसर रवाक इला हा, सांभाळ रे महाराजा." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. खरेदी, किंमत, मालक यातलं काहीच त्यात नव्हतं. फक्त 'रवाक इला', राहायला आलाय.

आणि टेस्ट आठवड्याभरातच आली. आमच्या खळ्यातून शेजारच्या तीन घरांची विहिरीवर जायची पायवाट आहे. बाबांचं म्हणणं, गडगा घालून बंद करूया, उद्या वहिवाटीचा हक्क सांगतील. मुद्दा चुकीचा नाही, वकिलाने पण तेच सांगितलं. दोन दिवस घरात यावरून चांगलीच तणातणी झाली. शेवटी गडगा घातला, आणि पाण्याची कळशी घेऊन माणूस आरामात जाईल एवढी वाट मोकळी ठेवली. बाबा अजून पूर्ण खूश नाहीत. मलाही रात्री कोणी गेलं की आवाजाने जाग येते, आणि 'माझ्या' खळ्यातून कोण चाललंय हा विचार येतोच. तो विचार येतो तोवर रामानुजांच्या अर्थानेही मी पास नाही.

पण आचऱ्यात एक प्रथा आहे जी शंकराचार्यांचाही अर्थ जगून दाखवते: गावपळण. दर तीन-चार वर्षांनी, रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव घरं सोडून हद्दीबाहेर जातो. हिंदू-मुसलमान सगळे, गुरं, कोंबड्या, कुत्रे यांच्यासकट. तीन दिवस, तीन रात्री गाव ओस. लोक राहुट्यांमध्ये राहतात, एकत्र रांधतात, भजनं करतात, आणि परतायचा कौल मिळाल्यावरच घरी येतात. घर कोणाचंही असो, कितीही नवं असो.

पुढच्या गावपळणीला आम्हीही असू. राहुटी कुठे बांधायची ती जागा शेजारच्या काकींनी आत्ताच दाखवून ठेवलीये. तिथे रेंजच्या दोन काड्या येतात, त्यामुळे ऑफिसात रजा मागायची की वर्क फ्रॉम होम, ते अजून ठरत नाहीये.