भाजले तर आधी पाणी

मागच्या थंडीत आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगते.

सकाळी आईने चुलीवरून अंघोळीच्या पाण्याचे पातेले उतरवले आणि ती विसण आणायला गेली. मला म्हणाली, "बाळूकडे लक्ष ठेव गं." मी दप्तर भरत बसले. दोन वर्षांचा बाळू दुडुदुडू आला आणि पातेल्यावर धडकला. कढत पाणी त्याच्या पायावर सांडले. तो जोरात किंचाळला.

आजी म्हणाली, "हळद लावा!" शेजारच्या काकू टूथपेस्ट घेऊन आल्या. पण बाईंनी वर्गात सांगितलेले मला आठवले. मी बाळूला मोरीत नेले आणि पायावर तांब्याने गार पाणी ओतू लागले. आजी ओरडली, "अगं, फोड येतील!" तरी मी थांबले नाही. २० मिनिटे ओतले. मग आईने स्वच्छ फडके सैल गुंडाळून त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "पाणी ओतलेत, फार बरे केलेत."

असे का? तवा चुलीवरून उतरवला तरी त्यावरची भाकरी भाजतच राहते ना? तसेच कातडीत शिरलेली उष्णता आत भाजत राहते. गार पाणी ती ओढून घेते. हळद, शाई, तूप, पेस्ट यांनी जखम थंड होत नाही, उलट ती चिघळू शकते. बर्फानेही इजा होते. लहान मुलांची कातडी पातळ असते, म्हणून ती लवकर आणि खोल भाजते.

हे लक्षात ठेवा :
१) बादलीत आधी गार पाणी, मग कढत.
२) चहा, दूध, वरण यांची भांडी लहान मुलांच्या हाती लागतील अशी ठेवू नयेत.
३) काडेपेटीशी खेळू नये. न उडालेला फटाका उचलू नये.
४) कपडे पेटले तर पळू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे.
५) फोड फोडू नयेत.
६) जास्त भाजले तर १०८ नंबरला फोन करावा.

बाळू आता पळतो, खेळतो. पण पायावर छोटा डाग राहिला आहे. तो दिसला की वाटते, पाणी ओतायचे मला आठवले, पण लक्ष ठेवायचे राहिले. तुम्ही मात्र आधी लक्ष ठेवा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी