भुताच्या डब्यातली पहिली बाटली

दिवाळीच्या आगेमागे आमच्या अर्जुनी मोरगावकडे हलका धान कापून झालेला असतो. मंडईच्या तारखा कानावर यायला लागतात, आणि कोणत्या गावात कोणतं नाटक लागणार याची चर्चा पानठेल्यावर सुरू होते. गेल्या वर्षी याच दिवसांत शेजारची एक आई सातवीतल्या लेकीला घेऊन माझ्या दारात उभी राहिली. लेकीच्या हातात वहीचं पान होतं, मोबाईलवर बघून उतरवलेली यादी: लिक्विड लेटेक्स, स्कार वॅक्स, स्पिरिट गम, नकली रक्त, पांढऱ्या लेन्स. मैत्रिणींनी मिळून ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन करायचं ठरवलं होतं.

"काकू, हे सारं लागतेच का जी? आन् सणासुदीचं भुताचं तोंड रंगवणं बरं असते का?"

आईबाबांनो, हे दोन्ही प्रश्न तुमच्याही घरात येणार आहेत, म्हणून मोकळेपणानं बोलते. शाळेची स्नेहसंमेलनं आणि गावातली नाटकं यांसाठी मी वीस वर्षं तोंडं रंगवते आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या गावातच आहे. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आपण नारबोद वेशीबाहेर नेतो, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतो, आणि त्या घोळक्यात सगळ्यात पुढे लेकरंच असतात. दिवाळीपासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांत रात्र रात्र नाटकं चालतात. त्यांत खून होतात, म्हातारपणं येतात, आणि आपण शाल पांघरून पहाटेपर्यंत ते बघतो. याच झाडीपट्टीच्या रंगभूमीवरच्या डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा लेकीनं रंगाचा डबा मागितला म्हणून मन खट्टू करू नका. तिच्याशेजारी बसा.

आता यादी. माझ्या डब्यातली पहिली बाटली खोबरेल तेलाची आहे, दुसरी डबी व्हॅसलिनची. त्यांच्यासोबत कापूस, जुन्या सुती धोतराचे धुतलेले तुकडे आणि साधा साबण. उतरवायचं सामान आधी आणि चढवायचं नंतर, हा नियम मला एका चुकीनं शिकवला. फार वर्षांपूर्वी माझ्या भाच्याच्या कपाळावर जखम करताना मी भुवईवर व्हॅसलिन न लावताच लेटेक्स लावलं. वाळल्यावर ओढलं, तर भुवईचे केस त्या रबराबरोबर निघून आले. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी विसरलेले नाही.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो डबीत गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, झाकण उघडताच डोळ्यांना झोंबतो तो तोच. म्हणून खिडकी उघडी ठेवा, आणि लेटेक्स डोळ्यांपासून, केसांपासून लांब ठेवा. काही माणसांना रबराची ॲलर्जी असते. फुगा फुगवल्यावर ज्याचे ओठ सुजतात किंवा केळी, पपई, किवी खाल्ल्यावर ज्याच्या तोंडाला खाज सुटते, त्याला हे लावूच नका; रबराची ॲलर्जी असलेल्या बऱ्याच जणांना ही फळंही सोसत नाहीत. बाकीच्यांना कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावायचा आणि एक दिवस थांबायचं. स्पिरिट गम असो, चेहऱ्याचा रंग असो, हीच पद्धत. मंडईच्या गर्दीत घाईनं घेतलेली बिननावाची डबी असेल, तर तिला दुप्पट लागू.

काही वस्तू डब्यात येऊच द्यायच्या नाहीत. देवाला लावायचा नारिंगी शेंदूर दिसायला सुंदर, पण तो बहुधा शिशाचा असतो. जुन्या काळी तोंडाला फासत ते मुर्दाडशिंगही शिशाचंच. आपल्या आज्या-पणज्यांना ते ठाऊक नव्हतं, आपल्याला ठाऊक आहे. होळीत दिसणारा चांदीचा रंग लोखंडी दारा-खिडक्यांसाठी असतो. झटपट चिकटणारा गोंद कातडीला लागला तर काढताना कातडी सोलू शकते. आणि त्या पांढऱ्या लेन्स! डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय कुठलीही लेन्स लेकराच्या डोळ्यात घालू नका. बुबुळाला जखम होऊन त्यात पू झाला तर नजर जाऊ शकते. मी लेकीच्या यादीतली ती ओळ तिच्यासमोरच खोडली. डोळ्यांभोवती काजळ आणि राखाडी रंग बोटानं पसरवला की डोळे तसेच खोल जातात.

रक्त विकत आणू नका, चुलीवर होतं. घट्ट साखरेच्या पाकात खायचा लाल रंग, चिमूटभर कॉफी आणि पाण्यात कालवलेलं थोडं कॉर्नफ्लोअर. नुसता लाल रंग सरबतासारखा दिसतो, कॉफीनं तो अंगातून आल्यासारखा गडद होतो. ओठातून ओघळायचं रक्त वेगळ्या बाटलीत ठेवा. कपड्यांवरच्या रक्तात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले की डाग सुटायला सोपा जातो, पण मग ते तोंडात जाता कामा नये. दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. ही खबरदारी मोठ्यांनाही घ्यावी लागली आहे. 'द एक्झॉर्सिस्ट' या भुताच्या सिनेमाचे रंगभूषाकार डिक स्मिथ यांचं रक्त जगभर वापरलं गेलं, पण त्यात फोटो धुण्याच्या कामातलं एक रसायन होतं आणि ते पोटात जाणं धोक्याचं होतं. याच स्मिथनी १९६५ साली मुलांसाठी राक्षसांच्या मेकअपचं पुस्तक काढलं होतं, घरातल्या साध्या वस्तूंवर चालणारं. लेकरांच्या या हौसेला त्यांनी मान दिला, म्हणून मला ते जवळचे वाटतात.

राहिले रंग: पांढरा, काळा, लाल, निळा, पिवळा, एवढे पुरतात. मुका मार काढायचा तर लेकराला त्याच्याच गुडघ्याकडे बघायला सांगा. लागल्याबरोबर लाल, एक-दोन दिवसांत काळं-निळं, मग कडेनं हिरवट, शेवटी पिवळं. तो क्रम एकदा डोळ्यांत बसला की विकतची जखम कोणी मागत नाही. खरचटल्याची खूण उठवायला स्पंजचा खडबडीत तुकडा पुरे. मस हवा असेल तर अर्धा मुरमुरा लेटेक्सवर चिकटवा. जखमेच्या कडा टिशू पेपरच्या पदरांनी होतात: एक पदर कागद, एक पदर लेटेक्स, वाळलं की मधोमध फाडायचं. जिलेटिनच्या जखमाही सुरेख होतात, पण जिलेटिन जनावरापासून येतं. घरात चालत नसेल तर आधीच सांगा. आणि गरम जिलेटिन मनगटावर तपासल्याशिवाय गालाला लावू नका.

त्या संध्याकाळी मी मायलेकींच्या कोपराच्या आत एकेक ठिपका लावला आणि दोघींना घरी पाठवलं. लेक हिरमुसली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या परत आल्या. लाली नाही, खाज नाही. मी खुर्ची ओढली आणि आईला तिच्यावर बसवलं.

"मले?" ती दचकलीच.

लेकीनं आईच्या भुवयांना आणि कानशिलावरच्या केसांना व्हॅसलिन लावलं. मी गालाची कातडी कानाकडे ताणून धरली, लेकीनं स्पंजानं लेटेक्सचा पातळ थर टिपला, वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घातला, पूर्ण वाळल्यावर पावडर मारली. मग मी बोटं काढली. ताण सुटला आणि गालावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटलं. स्मिथनी चाळिशीतल्या मॅक्स फॉन सिडो या नटाला 'एक्झॉर्सिस्ट'मध्ये म्हातारा पाद्री केलं, त्या कामातही असंच लेटेक्स ताणलेल्या कातडीवर लावलेलं होतं. दुसरा गाल लेकीनं जवळजवळ एकटीनं केला.

आईनं आरसा हातात घेतला. बराच वेळ बोलली नाही. मग गालावरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "माही माय दिसते."

लेकीनं खोबरेल तेलाची बाटली उचलली होती. ती तिनं पुन्हा खाली ठेवली.