स्विस शेतकऱ्याची परसबाग

स्वित्झर्लंड म्हटलें कीं, बर्फाच्छादित शिखरें व निळीं सरोवरें डोळ्यांपुढें येतात. परंतु त्या देशाचा संसार कसा चालत आला हें समजावयाचें असल्यास तेथील शेतघराची परसबाग पाहिली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

बर्न प्रांतांतील एमेंटाल खोऱ्यांत रुंद छपरांचीं लांकडी घरें आहेत. घराच्या उन्हाच्या बाजूस कुंपण घातलेली चौकोनी बाग असते. एकमेकींस छेदणाऱ्या दोन वाटांनीं तिचे चार भाग पडतात आणि वाफ्यांभोंवतीं 'बुक्स' नांवाच्या सदाहरित झुडुपाची कातरलेली, बुटकी कड असते. ही मांडणी मठांतील बागांवरून आली असें मानितात. सेंट गालन येथील मठाच्या ग्रंथालयांत इ. स. ८२० च्या सुमाराचा एक नकाशा जपून ठेविला आहे. त्यांत भाजीपाल्याचे १८ व औषधींचे १६ वाफे दाखविले असून कोणत्या वाफ्यांत काय लावावें हेंही लिहिलें आहे.

ही बाग परंपरेनें घरधनिणीच्या हातीं असे. कोबी, कांदे व घेवडा यांच्या शेजारींच औषधी वनस्पती व फुलझाडें लावीत. मे महिन्याच्या मध्यापर्यंत हिमाचें भय असतें. म्हणून १२ ते १५ मे हे 'हिमसंतांचे' दिवस उलटल्यावांचून नाजूक रोपें बाहेर लावूं नयेत असा जुना संकेत आहे. हिंवाळ्याची बेगमी म्हणून कोबी बारीक चिरून मिठांत आंबवीत आणि घेवड्याच्या शेंगा वाळवीत.

शेतांत पूर्वीं पाळीपाळीनें एक भाग हिंवाळी धान्याचा, एक उन्हाळी धान्याचा व एक पडीत असे. इ. स. १७७०-७१ च्या दुष्काळानंतर बटाट्याचा प्रसार झपाट्यानें झाला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत परदेशचें धान्य येणें कठीण झालें, तेव्हां १९४० सालीं फ्रीड्रिख ट्राउगोट वालेन यांनीं लागवड वाढविण्याची योजना मांडली. उद्यानें व क्रीडांगणेंही नांगरलीं गेलीं. देश सर्वस्वीं स्वावलंबी झाला नाहीं. तरी बटाटे व भाजीपाला यांवर युद्धभर नियंत्रण-पत्रिका आली नाहीं.

आज मात्र कित्येक जुनीं वाणें नाहींशीं झालीं आहेत. उरलेलीं राखण्यासाठीं १९८२ सालीं 'प्रो स्पेसीए रारा' ही संस्था स्थापन झाली. तिच्या कार्यांत अनेक सामान्य कुटुंबें आपल्या बागेंत बीं वाढवून तें जतन करितात.

विद्यार्थ्यांनो, वाण एकदां नष्ट झालें कीं तें पैशानें परत मिळत नाहीं. आपल्या आजीच्या मडक्यांत राखेंत घोळून ठेविलेलें बीं असेल, तर त्याचें नांव व पेरणीचा काळ आजच विचारून लिहून ठेवा.