यंत्रशिक्षकाची परीक्षा

भाषा शिकविण्याच्या कामी संगणकाचा उपयोग आता नवा राहिलेला नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली 'प्लेटो' नावाची संगणकीय शिक्षणव्यवस्था सुरू झाली आणि पुढे तिच्यावर अनेक भाषांचे पाठ तयार करण्यात आले. त्या पाठांसाठी विद्यार्थ्याला संगणकाला जोडलेल्या खास पडद्यासमोर जाऊन बसावे लागे. आज तेच काम खिशातील मोबाइलवरचे अ‍ॅप करते. साधन सुलभ झाले म्हणून ते पारखून घेण्याची गरज कमी झाली, असे मात्र नव्हे. वाईट पुस्तक चाळून बाजूला ठेवता येते; वाईट अ‍ॅपचा दोष पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी ध्यानात येतो आणि तोवर शिकणाऱ्याचा वेळ व उत्साह दोन्ही खर्ची पडलेले असतात.

अशा साधनांचे पद्धतशीर परीक्षण करणारी विद्वत्पत्रे आहेत. १९९७ साली सुरू झालेले 'लँग्वेज लर्निंग अँड टेक्नॉलॉजी' हे त्यांपैकी एक. ते आरंभापासून इंटरनेटवरच प्रसिद्ध होत आले आहे. परीक्षणाची शास्त्रीय बैठक त्याच्याही आधीची आहे. फिलिप हबर्ड यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात तीन प्रश्न मुख्य आहेत: साधन प्रत्यक्षात चालते कसे, शिक्षकाच्या पद्धतीशी ते जुळते काय, आणि शिकणाऱ्याशी ते जुळते काय. कॅरल शॅपेल यांनी २००१ मध्ये सहा निकष सुचविले. त्यांतही शिकणाऱ्याशी जुळणी हा एक निकष आहेच. व्यवहारात परीक्षकांचे दुर्लक्ष होते ते नेमके या निकषाकडे. पडदा किती रंगीत आहे, गुण आणि पदके किती मिळतात, यांवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले जातात. परंतु हे साधन कोणासाठी आहे, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

या प्रश्नाचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जयनगर ही १९४८ साली आखलेली, नऊ 'ब्लॉकां'त विभागलेली वसाहत आहे. पुण्याहून वा सोलापुराहून नोकरीनिमित्त येथे येऊन राहिलेल्या मराठी माणसाला कन्नड शिकावयाचे आहे, असे समजू. बाजारात मिळणारी बहुतेक साधने त्याला इंग्रजीच्या द्वारे कन्नड शिकवितात. म्हणजे मराठीहून कन्नडकडे जाणारा सरळ रस्ता सोडून त्याला दूरचे वळण घ्यावे लागते.

वळण दूरचे कसे, ते पाहा. 'ननगे नीरु बेकु' हे कन्नड वाक्य म्हणजे 'मला पाणी पाहिजे'. रचना शब्दाला शब्द तीच. 'बेड' म्हणजे 'नको'. हा 'नको' इंग्रजीत एका शब्दात सांगता येत नाही; म्हणून इंग्रजीतून शिकविणाऱ्या पाठाला त्यावर बरेच स्पष्टीकरण द्यावे लागते. मराठी माणसाला एक उदाहरण पुरे. नकाराचेही तसेच आहे. कन्नडमध्ये 'इल्ल' आणि 'अल्ल' असे दोन नकार आहेत. 'घरी कोणी नाही' येथे 'इल्ल' येतो, तर 'हे माझे पुस्तक नव्हे' येथे 'अल्ल'. ज्याच्या भाषेत 'नाही' आणि 'नव्हे' हा भेद आधीच आहे, त्याला तो नव्याने शिकविण्याचे कारण नाही. 'कादंबरी' आणि 'शिक्षण' हे शब्दही दोन्ही भाषांत त्याच अर्थाने वापरले जातात. कन्नड वर्णमाला पाहिली, तरी तिचा क्रम नागरीसारखाच आहे.

याच्या उलट, मराठी माणूस जेथे हमखास अडतो ती स्थळे इंग्रजी भाषकासाठी केलेल्या साधनाला ठाऊकच नसतात. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही आहेत व दीर्घही. मराठी लेखनात हा भेद दाखविला जात नाही. ऱ्हस्व ए 'ॆ' या चिन्हाने दाखविला, तर 'बॆळॆ' म्हणजे पीक आणि 'बेळॆ' म्हणजे डाळ. नेहमीच्या मराठी लेखनात दोन्ही शब्द 'बेळे' असेच लिहिले जातील. रोमन लिपीतील साध्या लेखनातही हा भेद बुडतो. म्हणून परीक्षकाने पहिल्याच दिवशी पाहावे ते हे: साधन कन्नड लिपी शिकविते, की दुसऱ्या लिपीचा आधार देऊन थांबते, आणि उच्चार तपासण्याची सोय असल्यास 'बॆळॆ'च्या जागी 'बेळॆ' म्हटलेले तिला कळते की नाही.

दुसरे स्थळ लिंगाचे. मराठीत बस स्त्रीलिंगी, म्हणून 'बस आली'. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगी असतात, म्हणून 'बस् बंतु'. नवशिका मराठी माणूस येथे 'बंदळु' म्हणून जाण्याचा संभव फार. म्हणजे बस जणू कोणी बाईच आली! परीक्षकाने हे चुकीचे उत्तर मुद्दाम देऊन पाहावे. नुसती 'चूक' अशी तांबडी खूण उमटते, की चूक का झाली तेही सांगितले जाते? शिकविणे आणि केवळ उत्तरे तपासणे यांतील फरक येथे उघड होतो. बरोबर उत्तरे देत गेलेल्या परीक्षकाला तो दिसणार नाही.

यानंतर भाषेच्या दोन रूपांचा प्रश्न येतो. जयनगरवरून जाणारी मेट्रो जून २०१७ मध्ये सुरू झाली. गाडीतील घोषणेत पुढच्या स्थानकासाठी 'मुंदिन निल्दाण' असे शब्द ऐकू येतात. ती प्रमाण, नीटनेटकी कन्नड होय. स्थानकाबाहेर पडताच कानी येते ती वेगळीच. 'मी येतो' हे पुस्तकात 'बरुत्तेनॆ' असते, तर बोलण्यात 'बर्तीनि'. घोषणा समजावी आणि भाजीवालीशीही बोलता यावे, असे वाटत असेल तर दोन्ही रूपांची ओळख हवी. पुष्कळ साधने लेखी रूपच बोलावयास शिकवितात. ते रूप अशुद्ध खचितच नव्हे. पण ते बोलणारा मनुष्य बाजारात भाषण करीत असल्यासारखा वाटतो.

साधनाचा हेतू ओळखूनच त्याला न्याय द्यावा लागतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये 'भाषा संगम' हे अ‍ॅप आणले. त्यात २२ भारतीय भाषांतील नित्याच्या व्यवहाराची शंभरावर वाक्ये आहेत. व्याकरण नाही म्हणून त्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ते संभाषणाची तोंडओळख म्हणून तपासावे. जे साधन मात्र 'भाषा शिकवितो' असे सांगते, त्याला ही सवलत देता येणार नाही.

परीक्षणास वेळ किती द्यावा? एका दुपारी हे काम होत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले प्रारंभी झपाट्याने विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. शब्द विसरला जाण्याच्या सुमारास तो पुन्हा पुढे आणणे, हे अनेक अ‍ॅपांचे मुख्य कौशल्य समजले जाते. ते साधते की नाही, हे निदान पाच-सहा आठवडे रोज वापरल्याशिवाय कळणे शक्य नाही. त्या अवधीत अ‍ॅपची आवृत्तीही बदलू शकते. म्हणून कोणती आवृत्ती, कोणत्या मोबाइलवर, कोणत्या तारखांना वापरली, किंमत किती पडली, इंटरनेट नसताना काय चालले आणि शिकणाऱ्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण कोठे साठविले जाते, याची नोंद परीक्षणाच्या आरंभीच द्यावी. निर्मात्याकडून अ‍ॅप फुकट मिळाले असेल, तर तेही लिहावे.

शेवटची चाचणी पडद्याबाहेरची. सहा आठवड्यांनी शिकणाऱ्याला चौथ्या ब्लॉकच्या बाजारात पाठवावे. 'अर्ध किलो तॊगरि बेळॆ कॊडि' असे म्हणून त्याने तूरडाळ मागावी, भाव विचारावा, महाग वाटल्यास 'बेड' म्हणावे. बेंगळुरूचे दुकानदार बहुभाषी असतात. गिऱ्हाईक अडखळताच ते सहजपणे हिंदीत किंवा इंग्रजीत बोलू लागतात. संभाषण कन्नडमध्ये किती वाक्ये टिकले आणि ते कोणत्या शब्दापाशी तुटले, हे परीक्षकाने टिपून घ्यावे. तो शब्द अ‍ॅपच्या पाठांत होता की नव्हता, हे नंतर घरी येऊन पाहता येते.