क्षय एकदा झाला, म्हणजे पुन्हा होत नाही का?



मध्यंतरी महाप्रसादानंतर एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टरसाहेब, तरुणपणी गावी असताना मला टीबी झाला होता. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. आता महिनाभर खोकला आहे. पण होऊन गेलेला आजार पुन्हा कसा होईल?"

छातीच्या विकारांवर काम करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला. गोवर एकदा झाला की शरीर तो सहसा जन्मभर लक्षात ठेवते. क्षयाचे तसे नाही. श्वासावाटे जंतू फुप्फुसात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात, पण हा चिवट जंतू त्यांच्या आतही जिवंत राहतो. काही आठवड्यांनी टी-पेशी मदतीला येतात आणि जंतूंभोवती पेशींची गाठ बांधून त्यांना कोंडतात. बहुतेकांत गोष्ट इथेच थांबते. अशा सुप्त संसर्गामुळे नव्या जंतूंपासून काही अंशी संरक्षणही मिळते, असे अभ्यासांत दिसले आहे.

मात्र ज्यांची ही तटबंदी फुटून प्रत्यक्ष आजार झाला, त्यांनी गाफील राहू नये. औषधांनी जंतू मरतात, पण फुप्फुसावर व्रण राहू शकतात. मधुमेह, धूम्रपान, कुपोषण ही कारणेही अनेकदा तशीच असतात. केपटाऊनमध्ये क्षयाचे प्रमाण फार असलेल्या वस्तीतील पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिथे बरे झालेल्यांना नव्या संसर्गाने पुन्हा क्षय होण्याचे प्रमाण, पहिल्यांदा क्षय होण्याच्या सुमारे चौपट आढळले. जंतूंचे डीएनए ताडून जुना आजार उलटला की नवा जंतू आला, हे ठरवले होते.

म्हणून तीन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा वजनात घट असेल, तर जीपींना आधी सांगा, "मला पूर्वी क्षय झाला होता." त्वचेची वा रक्ताची चाचणी बरे झाल्यावरही पॉझिटिव्ह राहू शकते, थुंकीची तपासणी आणि एक्स-रे हवाच. इंग्लंडमध्ये क्षयाचे उपचार सर्वांना मोफत आहेत, व्हिसा कोणताही असो.

त्या गृहस्थांच्या थुंकीत जंतू सापडले. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत आहे. उपचार किमान सहा महिने चालतात, आणि रोजंदारीवरच्या माणसाला सुरुवातीची सुट्टीच जड जाते. अशा कुटुंबांच्या शिध्यासाठी मंदिराच्या साहाय्य निधीत यथाशक्ती भर घालावी, ही विनंती. मदत घेणाऱ्याचे नाव गुप्त राहील. आजार लपवू नका. त्यात लाजण्यासारखे काही नाही.