ब्रेक जड का होतो?

पिकअप गाडी आता पुष्कळ गावांत आहे. कांदा, टोमॅटो, दुधाचे कॅन तिच्यातूनच बाजाराला जातात. गाडी पळते कशी, हे सगळे विचारतात. ती थांबते कशी, हे फारसे कोणी विचारत नाही. आज आम्ही थांबण्याबद्दलच सांगणार आहोत.

मालाने भरलेली गाडी दोन-तीन टनांची होते. एवढे ओझे एका पायाने थांबवायचे, तर पायाला मदतनीस लागतो. बॉनेट उघडून पाहा. ड्रायव्हरच्या समोर एक काळा, गोल, पत्र्याचा डबा दिसेल. त्याला बूस्टर म्हणतात. हाच तो मदतनीस.

डब्यात मधोमध रबरी पडदा असतो. इंजिन चालू झाले की डब्यातली हवा बाहेर ओढली जाते. पेट्रोलच्या गाडीत हे काम इंजिनच करते. डिझेलच्या गाडीत त्यासाठी एक लहान पंप असतो. हवा गेली की डब्यात पोकळी होते. मग आपण पायडल दाबले की पडद्याच्या मागच्या बाजूने बाहेरची हवा आत शिरते आणि पडद्याला पुढे रेटते.

हवेत एवढा जोर कुठला, असे कोणी म्हणेल. जोर आहे बरे. हवा दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 1 किलोचा भार टाकते. पडदा 20 सेंटीमीटर रुंद धरा. डब्यातली दोन तृतीयांश हवा गेली असेल, तरी पडद्यावर 200 किलोंच्या आसपास रेटा पडू शकतो. म्हणजे ज्वारीची दोन मोठी पोती आपल्या पायाच्या मदतीला आली.

आता मुख्य गोष्ट. इंजिन बंद झाले की ही पोकळी टिकायची कशी? विहिरीवरचा पंप आठवा. पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली परतू देत नाही. तो गळका झाला की पंप बंद होताच पाणी उतरते, आणि पुन्हा पंप भरत बसावे लागते. बूस्टरच्या तोंडाशी असाच एक लहान, बहुधा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह असतो. त्याचे नाव चेक व्हॉल्व्ह. हवा डब्यातून इंजिनाकडे जाऊ द्यायची, उलटी येऊ द्यायची नाही, एवढेच त्याचे काम.

काम लहान, पण त्यावर माणसांचा जीव असतो. समजा, कसारा घाट उतरताना इंजिन बंद पडले. व्हॉल्व्ह चांगला असेल तर दोन-तीन वेळा ब्रेक हलका लागतो. तेवढ्यात गाडी कडेला घेता येते. व्हॉल्व्ह खराब असेल तर पहिल्यालाच पायडल दगडासारखे लागते. ड्रायव्हर ओरडतो, "ब्रेक गेला!" ब्रेक अजून जागेवर असतो, मदतनीस तेवढा गेलेला असतो. अशा वेळी पायडल पुन्हा पुन्हा मारू नये. पाठ सीटला टेकवून दोन्ही पायांनी सगळा जोर लावावा आणि तसाच धरून ठेवावा. गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी. हँडब्रेक हळूहळू ओढावा. डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करणारे ड्रायव्हर आम्ही पाहिले आहेत. दोन रुपयांच्या डिझेलसाठी ते ही दोन पोती वाटेत टाकून देतात.

व्हॉल्व्ह चांगला आहे का, हे घरी पाहता येते. गाडी सपाट जागी लावा. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा. पाचेक मिनिटे थांबा. मग पायडल दाबा. पहिल्यांदा ते नेहमीसारखे खोल गेले, आणि नंतर दर वेळी कडक होत गेले, तर पोकळी टिकली आहे. पहिल्यांदाच कडक लागले, तर ती गळली आहे. आता पायडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पायडल थोडे खाली गेले पाहिजे. मुळीच गेले नाही, तर व्हॉल्व्ह चिकटून बंद झाला असेल, नळी फाटली असेल किंवा पंप खराब असेल. पायडल मऊ लागून खाली खाली जात असेल, तर तो आजार निराळा. तो ब्रेक ऑइलचा. तशी गाडी रस्त्यावर काढूच नये.

व्हॉल्व्ह काढणे अवघड नाही. इंजिन बंद, चाकांना दगड लावलेले. पायडल पाच-सहा वेळा दाबून पोकळी संपवा. पक्कडीने नळीची क्लिप सरकवा आणि नळी पिळत पिळत काढा. मग व्हॉल्व्ह हलवत ओढा. तो एका रबरी वॉशरात बसलेला असतो. वॉशर डब्यात पडू देऊ नका. नळीला भेगा आहेत का, तेही पाहा. व्हॉल्व्ह पुसून घ्या. डब्याकडच्या तोंडातून फुंका. हवा पार गेली पाहिजे. इंजिनाकडच्या तोंडातून फुंका. हवा अडली पाहिजे. दोन्हीकडून गेली किंवा दोन्हीकडून अडली, तर तो टाकून द्या. काही गाड्यांत व्हॉल्व्ह नळीच्या पोटातच असतो. तिथे सबंध नळीच बदलावी लागते.

दुकानात जुना व्हॉल्व्ह दाखवून तसाच नवा मागा. वॉशर कडक झाला असेल तर तोही घ्या. बसवताना वॉशरला स्वच्छ पाणी लावा. इंजिन ऑइल किंवा डिझेल लावले तर रबर फुगते. व्हॉल्व्हवर बाण असेल तर तो इंजिनाच्या दिशेने ठेवा. क्लिप पुन्हा जागेवर आणा. ब्रेक ऑइलच्या नळ्या सोडलेल्या नसल्याने हवा काढण्याचे काम उरत नाही.

मग तीच तपासणी पुन्हा करा. नवा व्हॉल्व्ह आणि नळी घालूनही पायडल कडकच असेल, तर पडदा फाटलेला असू शकतो. डब्यात किंवा नळीत ब्रेक ऑइल दिसले, तर मास्टर सिलिंडर गळत आहे. ही दोन्ही कामे मिस्त्रीची. सगळे ठीक असेल तर गाडी आधी मोकळ्या मैदानात, रिकामी, सावकाश फिरवा. तिथे दोन-चार वेळा ब्रेक लावून पाहा. माल त्यानंतर भरा.