सी होती, डी नव्हती

रिस्टोअर केलेल्या मशीनचा लॉगिन स्क्रीन आला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पासवर्ड टाकला, डेस्कटॉप उघडला, आणि सर्व्हर रूममधल्या आम्ही तिघांनी एकदाचा श्वास सोडला. मग मी माय कॉम्प्युटर उघडलं. सी होती. डी नव्हती. ईआरपीचा सगळा डेटाबेस डीवर होता.

आमचा बॅकअप सांभाळणाऱ्या एजन्सीच्या इंजिनिअरकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. त्याच्या मालकाला फोन लावला तर उत्तर आलं, "साहेब, डी बॅकअप जॉबमध्ये नव्हतीच. तुम्ही सांगायला पाहिजे होतं." मी सांगितलं होतं. 'सर्व मशीनचा संपूर्ण बॅकअप' हे शब्द माझ्या मेलमध्ये तारखेसह आहेत.

वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याची सिस्टीम मी बघतो. एकाच सर्व्हरवर ईएसएक्सआय, त्यावर चार व्हर्च्युअल मशीन. जूनच्या वळवाच्या वादळात वीज गेली, यूपीएसनं दगा दिला, आणि वीज आल्यावर रेड ५ मधल्या दोन डिस्क उठल्याच नाहीत. रेड ५ एक डिस्क गेलेली सोसतं, दोन नाही. तरी मी शांत होतो, कारण रोज सकाळी एजन्सीकडून व्हॉट्सॲपवर 'बॅकअप ऑल ओके' येत होतं.

नंतर कळलं ते असं. मशीन बसवताना एजन्सीच्याच माणसानं डीची डिस्क 'इंडिपेंडंट' ठेवली होती. अशी डिस्क स्नॅपशॉटमध्ये येत नाही, आणि आमचा बॅकअप स्नॅपशॉटवरच चालायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून फक्त सीचाच बॅकअप होत होता. रोजच्या रिपोर्टमध्ये 'एक डिस्क वगळली' ही ओळ होती. तो रिपोर्ट मात्र त्यांच्या मेलवर जायचा, मला फक्त 'ऑल ओके' यायचं. याचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

हाताशी होती ती ३१ मार्चला ऑडिटसाठी मी स्वतः यूएसबी डिस्कवर काढलेली प्रत. त्यापुढच्या सव्वादोन महिन्यांच्या नोंदी आम्ही चलनांच्या फायलींवरून आणि पोर्टलवरून उतरवलेल्या ई-इनव्हॉइसवरून पुन्हा भरल्या. ११ तारखेला जीएसटीआर-१ भरायचा होता. अकाउंट्सच्या ताई दोन रविवार घरी गेल्या नाहीत. एजन्सीचा एकही माणूस फिरकला नाही.

म्हणून सांगतो, जॉब हिरवा दिसला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. प्रत्येक मशीनच्या सेटिंग्जमधली डिस्कची यादी आणि बॅकअपमधली यादी शेजारी ठेवून जुळवा, आकारासकट. महिन्यातून एकदा एक मशीन वेगळ्या नेटवर्कवर खरोखर रिस्टोअर करा आणि अकाउंट्सच्या माणसाला बसवून कालचं बिल उघडायला लावा. नुसता लॉगिन स्क्रीन बघून उठू नका. वेळही मोजा. आमचं ९०० जीबीचं मशीन गिगाबिट केबलवरून, सगळं सुरळीत असलं तरी, अडीच तास घेतं, आणि हे मालकांना आधी माहीत असलेलं बरं.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कवरच टेकलेला असतो. ती गेली की तोही गेला. तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवलात तर फुगत फुगत स्टोरेज भरू शकतो आणि मशीन थांबवू शकतो.

प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, एक बाहेर, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. मी त्यात एवढंच घालीन की एक प्रत केबल काढून ठेवलेली हवी. २७ जून २०१७ ला नोटपेट्या या मालवेअरनं मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं, आपल्या न्हावा शेवातलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं. त्यांचे जगभरातले डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवून होते, पण सगळे एकदमच गेले. वाचला तो घानातला एक, कारण तिथली वीज गेल्यानं तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. आमची केबल काढलेली प्रत आता दर शनिवारी चिकलठाण्याच्या युनिटमधल्या कपाटात जाते. बॅकअप सर्व्हर डोमेनमधून काढला आहे, त्याचा पासवर्ड वेगळा आहे. यूपीएसच्या बॅटऱ्या तपासून घ्या, सर्व्हरच्या डिस्कचे दिवे रोज बघा, हेही आलंच.

आणि करार वाचा. 'बॅकअप मॅनेजमेंट' या दोन शब्दांवर सही करू नका. किती तासांत, कुठल्या दिवसापर्यंतचा डेटा परत मिळेल हे लिहून घ्या, आणि रोजचा मूळ रिपोर्ट थेट तुमच्या मेलवर येऊ द्या.

त्या एजन्सीचं नव्या वर्षाच्या एएमसीचं कोटेशन गेल्या आठवड्यात आलं. 'बॅकअप मॅनेजमेंट' ही ओळ त्यात जशीच्या तशी आहे. मी सही केलेली नाही.